मान अन् अंगठा दोन्ही गेलेत, लॅबवाल्यांनो तुमचं कसं चाललंय?

स्लाईडवाली_लातूर

नमस्कार. मी लातूरला एका प्रायव्हेट लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा) करून ११ वर्षं झाली, त्यातली ८ इथंच. प्रश्न जरा लांबडा आहे, वाचून घ्या.

मागच्या दिवाळीपासून उजवा अंगठा दुखायलाय. आधी फक्त संध्याकाळी दुखायचा, वाटलं काम जास्त झालं असेल. आता सकाळी उठल्या उठल्या नळ सोडताना, पीठ मळताना, लेकराच्या शर्टाची बटणं लावताना मनगटापासून अशी कळ येते की हातातलं सोडून द्यावं वाटतं. अन् मान तर विचारूच नका. उजवीकडून आखडते ती पार खांद्याखाली पाठीपर्यंत, रात्री कुशीवर झोपायला येईना.

काम म्हणाल तर सकाळी ७ ला शटर उघडतं, ११ पर्यंत उपाशीपोटीचे पेशंट, मी अन् अजून एक मुलगा दोघंच. नंतर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मशीनवर, पण शुगर-क्रिएटिनिन-लिव्हरचं सगळं सेमी ऑटोवर म्हणजे हातानंच पिपेट (अंगठ्यानं दाबून मोजकं द्रव ओढायची-सोडायची नळी) मारायचं, अन् दुपारी मायक्रोस्कोपखाली स्लाईडी. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत तर दुपारचा डबा ४ वाजता उघडते मी.

बाम झाला, मिठाचा शेक झाला, बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, सासूबाईंनी मोहरीचं तेल लसूण घालून कढवून दिलं तेही चोळलं. हाडाच्या डॉक्टरला दाखवलं, एक्सरे नॉर्मल, म्हणाले आराम करा. आता आराम कुठून करू ते कोणी सांगा. सरांना खुर्ची मागितली होती तर म्हणाले एवढ्या पैशात दोन किट येतात. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसते मी, जेवणाच्या पंगतीला असतं तसलं.

लॅबमधल्या बाकीच्यांना होतं का असं? का माझंच वय झालं ३४ व्या वर्षी? नोकरी सोडावी इतकं डोक्यात यायलंय.

कारखाना_केमिस्ट_धाराशिव

ताई एकट्या नाहीत तुम्ही. मी साखर कारखान्याच्या लॅबला आहे, सीझन चालू झाला की ८ तासाची पाळी, त्यात अर्धा वेळ जिने चढउतार सॅम्पलचे डबे घेऊन, अन् अर्धा वेळ रसातली साखर मोजायच्या त्या जुन्या पोलरीमीटरच्या भिंगात डोळा घालून वाकून उभं. आमचा ओटा माझ्यासाठी बुटका, मी पडलो सहा फुटी. खाली शहाबादी फरशी. पहिल्या वर्षी कंबर गेली, दुसऱ्या वर्षी टाचा, आता ऊस संपेपर्यंत मी संपतो. घरचे म्हणतात एसीत बसून काय दुखतंय तुझं. एसी मशीनला आहे राव, मला नाही.

उपाय विचारला तर माझ्याकडं नाही. फक्त सांगतोय की होतं.

हिंगोलीकर_७

मानेचं एकदम सोप्पं आहे. आमच्याकडं सलूनमध्ये कटिंगनंतर मान मोडून देतात, दोन्ही बाजूनं कटकट वाजली की आठवडाभर मोकळं. ३० रुपयात काम. लेडीजसाठी हाडवैद्य बघा कोणीतरी.

फिजिओ_बीड

हिंगोलीकर भाऊ, कृपा करून असले सल्ले देऊ नका. मानेच्या मणक्यातून मेंदूला रक्त नेणाऱ्या नसा जातात, झटका देऊन मान फिरवली तर ती नस आतून फाटू शकते. क्वचित होतं, पण ज्याला होतं त्याला लकवा मारतो. कटकट वाजली म्हणजे मोकळं झालं असं काही नसतं. तो सांध्यातल्या हवेचा आवाज आहे. ताई, मी सविस्तर लिहिते, ओपीडी संपू द्या.

हिंगोलीकर_७

बरं बाई, ऱ्हायलं. मी आपलं अनुभवाचं बोललो.

जुना_एलटी_नांदेड

बेटा, मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून ३३ वर्षं काढली. आमच्या वेळी आरशाचा मायक्रोस्कोप, एका डोळ्याचा. खिडकीशी टेबल लावायचं, उन्हाचा कवडसा आरशात धरायचा अन् दुसरा डोळा मिटून बघत बसायचं. टीबीची थुंकीची स्लाईड निगेटिव्ह म्हणायची तर तेलाच्या लेन्सखाली १०० फील्ड बघायलाच लागतात, एका स्लाईडीला नीट बघायचं तर ५ मिनिटं कमीत कमी. म्हणूनच एका माणसानं दिवसाला २०-२५ च्या वर बघू नयेत असं ट्रेनिंगमध्ये शिकवायचे. ते डोळ्यासाठी अन् चुका होऊ नयेत म्हणून, पण मानेचाही हिशोब त्यातच आला. पाळलं किती जणांनी ते सोडा. कॅम्प असला की आम्हीच ६०-६० बघितल्यात, अन् त्यातल्या शेवटच्या २० मी खरंच बघितल्या का नुसत्या सरकवल्या ते माझं मलाच माहीत.

पण मला तुला एक विचारायचंय. तू बसतेस तेव्हा तुझे गुडघे कुठं असतात?

स्लाईडवाली_लातूर

काका गुडघे म्हणजे? समजलं नाही.

जुना_एलटी_नांदेड

म्हणजे ओट्याच्या खाली जातात का बाजूला? बघून सांग. उद्या कामावर गेलीस की बस अन् बघ.

माती_परभणी

काकांचा प्रश्न भारी आहे, मी आत्ता बसून बघितलं, माझे बाजूलाच आहेत 😄

आमचं रक्ता-लघवीचं नाही, मातीचं. माती परीक्षण प्रयोगशाळा. तुम्हाला वाटेल माती तपासायला काय लागतं. एप्रिल-मेमध्ये या इकडं, पेरणीच्या आधी सगळ्या तालुक्याची पोती आमच्या दारात. आपली काळी माती वाळली की ढेकूळ दगडासारखं, ते लाकडी मोगरीनं कुटायचं, मग २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचं, हे सगळं खाली पोत्यावर उकिडवं बसून. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ ला आली तेव्हापासून १२ घटक तपासून द्यायचे, नमुन्यांचा ढीग बघूनच पाठ दुखायला लागते.

पण खरी वाट लावली ती ब्युरेटनं, म्हणजे खाली कॉक असलेल्या काचेच्या उभ्या मापनळीनं. सेंद्रिय कर्ब मोजायला टायट्रेशन करतो आम्ही, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब थेंब रसायन सोडायचं, आधी डायक्रोमेट टाकून मग फेरसनं. ५० मिलीचं ब्युरेट स्टँडवर ओट्यावर, वरून भरायचं म्हणजे हात डोक्याच्या वर, अन् रीडिंग घ्यायला कधी टाचा उंच तर कधी वाकून. एका हातानं कॉक, दुसऱ्या हातानं फ्लास्क गोल गोल हलवायचा, हिरवा रंग येईपर्यंत. दिवसाला ५०-६० फ्लास्क. माझा उजवा खांदा वर्षभर हात वर जाऊ देत नव्हता, शर्ट घालताना बायको लागायची. फ्रोझन शोल्डर निघालं, अन् त्या निमित्तानं शुगर पण निघाली, २४० उपाशीपोटी. शुगरवाल्यांना खांदा जास्त धरतो म्हणे. म्हणून ताई तुमचीच लॅब आहे तर स्वतःची शुगर अन् थायरॉईड एकदा लावून बघा, फुकटात आहे तुम्हाला.

आता मी ब्युरेट भरताना स्टँड उचलून खाली स्टुलावर ठेवतो, भरतो, परत वर ठेवतो. सगळे हसले आधी. आता सगळेच तसं करतात.

फिजिओ_बीड

आले. ताई आधी अंगठ्याचं. एक करून बघा, अंगठा तळव्यात दुमडा, त्यावर बाकीची बोटं बंद करून मूठ करा, अन् मूठ हळूच करंगळीकडं खाली झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला जोरात कळ आली तर बहुतेक अंगठ्याच्या शिरांचं (रक्ताच्या नाही, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचं) म्यान सुजलंय. याला डी क्वेर्व्हेन म्हणतात, स्वित्झर्लंडच्या एका सर्जननं १८९५ मध्ये लिहून ठेवलेला आजार आहे, म्हणजे मोबाईलच्या आधीपासूनचा, मुद्दाम सांगते कारण घरचे म्हणतील मोबाईल कमी कर. तान्हं लेकरू सारखं उचलणाऱ्या बायकांना होतो, पिपेटवाल्यांना होतो. एक्सरेत दिसत नाही कारण दुखणं हाडात नाहीच. तुमचा एक्सरे नॉर्मल आला म्हणजे तुम्ही नाटक करताय असा अर्थ होत नाही.

दुसरं म्हणजे मुंग्या येतात का? अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट अन् अनामिकेची अर्धी बाजू, ही बोटं रात्री बधिर होऊन जाग येत असेल अन् हात झटकला की बरं वाटत असेल तर ती मनगटातली नस दबलीय, त्याचा रस्ता वेगळा. करंगळीकडं मुंग्या येत असतील तर ओट्यावर कोपर टेकवून बसायची सवय आहे का बघा.

आता हिशोब करूया. तुम्ही सेमी ऑटोवर दिवसाला समजा ६० सॅम्पल, सरासरी ५ टेस्ट, ३०० वेळा. प्रत्येक वेळी सॅम्पल ओढायला एक दाब, सोडायला एक, पुढची प्लॅस्टिकची टिप उडवायला एक, वर रिएजंटला (टेस्टच्या रसायनाला) दोन. ५ दाब धरले तरी दीड हजार. भाकरी, धुणं, लेकरू वेगळं. अंगठा तक्रार नाही करणार तर कोण करणार. हाताला सुटी देणं म्हणजे घरी बसणं असं नाही. दर २०-२५ मिनिटांनी पिपेट खाली ठेवून दोन मिनिटं दुसरं काम करा, लेबल लावा, एंट्री करा. सगळी पिपेटिंग एका दमात अन् सगळी एंट्री एका दमात असं करता ना? मला माहितीये, सगळे तसंच करतात, कारण लवकर उरकतं.

रात्री अंगठा धरून ठेवणारा स्प्लिंट बांधा, मेडिकलवाल्याला थंब स्पायका म्हणा. नुसता मनगटाचा पट्टा देईल, तो नको. ३-४ आठवड्यात फरक नाही पडला तर डॉक्टर शिरेच्या म्यानात इंजेक्शन देतात, घाबरायचं नाही. पण हातातून वस्तू निसटायला लागल्या, अंगठ्याखालचा मांसल भाग बसका दिसायला लागला, किंवा मानेतून कळ दंडातून बोटापर्यंत उतरायला लागली तर नेटवर विचारत बसू नका, सरळ जा.

मानेचं मी काकांच्या प्रश्नाचं उत्तर आल्यावर सांगते. मला वाटतं काकांना कळलंय.

कारखाना_केमिस्ट_धाराशिव

पिपेटवरून आठवलं, ताई तुमचं पिपेट शेवटचं कधी उघडलंत? आमच्याकडं एक हजारचं पिपेट इतकं जाम होतं की दाबायला दोन अंगठे लागायचे, सगळे म्हणायचे जुनं झालं. उघडलं तर आत पिस्टनवर साखरेचा पाक वाळलेला. पुसलं, सिलिकॉन ग्रीस अगदी बोटाला लागेल न लागेल इतकं, लोण्यासारखं चालायला लागलं. सर्व्हिसिंगनंतर कॅलिब्रेशन बघून घ्या मात्र. तोलकाट्यावर डिस्टिल्ड पाणी टाकून, १००० मायक्रोलिटर म्हणजे १ ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे. अन् टिप लावताना डब्यात पिपेट आपटू नका हो. जितकी आपटून बसवाल तितकी काढताना अंगठ्याची वाट. हलकी दाबली तरी बसते, नाही बसली तर टिप चुकीच्या कंपनीची आहे.

स्लाईडवाली_लातूर

मॅडम, ती मुठीची टेस्ट केली. आईगं. डोळ्यात पाणी आलं. मुंग्या नाहीत पण.

अन् काका, आज बसून बघितलं. गुडघे ओट्याखाली जातच नाहीत! ओटा म्हणजे मिस्त्रीनं स्वैपाकघरासारखा बांधलाय, वर काळा ग्रॅनाईट, खाली सगळी कपाटं. त्यामुळं मी डावीकडं पाय करून बसते अन् कंबरेतून उजवीकडं वळून मायक्रोस्कोपमध्ये बघते. ८ वर्षं अशीच बसले, कधी लक्षातच आलं नाही. तिथल्या मुलानं माझा फोटो काढला बाजूनं, तो बघितला अन् मलाच कसंतरी झालं, हनुवटी पुढं, पाठीचं धनुष्य, जणू आडात वाकून बघायलीय.

जुना_एलटी_नांदेड

हेच. मी रिटायर झाल्यावर चार-पाच प्रायव्हेट लॅबमध्ये गेलो बसायला, सगळीकडं हेच बघितलं. ओटा बांधताना सामान कुठं ठेवायचं याचा विचार होतो, माणूस कुठं बसेल याचा नाही. तुझ्या जागेखालच्या कपाटाची दोन दारं काढ अन् आतली मधली फळी काढ. बिजागरीचे स्क्रू आहेत, सुतार पण नको. गुडघे आत गेले की छाती ओट्याला लागते, मग मान पुढं काढायची गरजच राहत नाही.

मग मायक्रोस्कोप ओट्याच्या कडेपर्यंत पुढं ओढ. अन् भिंग डोळ्यापर्यंत आलं पाहिजे, डोळा भिंगापर्यंत जायला नको. तुला वाकावं लागत असेल तर खाली लाकडी ठोकळा, चांगला रुंद, हलणार नाही असा. रजिस्टरांची चळत ठेवू नकोस, मी ठेवली होती, एक दिवस लेन्स स्लाईडीतून आरपार. टेकवायला चिंधी गुंडाळून कडेला ठेव, ग्रॅनाईटची धार मनगटाखाली रुतते.

फिजिओ_बीड

काका तुम्ही माझी फी बुडवणार 🙏 डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, सरळ मानेवर ते नुसतं ठेवलेलं असतं, पुढं झुकलं की मानेचे स्नायू ते दिवसभर मागून ओढून धरतात. त्यात कंबरेला पीळ. तेल चोळून काय होणार, दुसऱ्या दिवशी ७ ला परत तेच.

दोन गोष्टी जोडते. स्टूल उंच करावं लागलं तर पाय लोंबकळतील, पायाखाली काहीतरी हवं. अन् दोन्ही डोळ्यांचं भिंग स्वतःच्या डोळ्याला जुळवून घ्या, आधी फिरत नाही त्या भिंगातून फोकस करा, मग दुसऱ्याची रिंग फिरवा. बरेच जण दुसऱ्याच्या सेटिंगवर बघत बसतात अन् डोकं दुखलं की चष्मा बदलतात.

लॅबवाला_जालना

सगळे मालकालाच शिव्या घालताय म्हणून लिहितो. माझी स्वतःची लॅब आहे. खुर्ची द्यायला कुणाला नको असतं का? शेजारी नवीन लॅब उघडली की ते अर्ध्या दरात टेस्ट करतात, आम्हालाही दर पाडावे लागतात, मग माणसं दोनाची तीन करता येत नाहीत. मी बॅटरीवरचं पिपेट आणलं होतं, आमच्या पोरांनी दोन दिवस वापरलं अन् कपाटात ठेवलं, म्हणे हळू चालतं. सवय बदलायची नसते कुणाला. आणि मशीनला लागणाऱ्या डायल्युएंटचा २० लिटरचा कॅन एकट्यानं उचलू नका म्हणून भिंतीवर लिहून लावलंय, तरी उचलतात.

माती_परभणी

दादा, कॅन एकट्यानं उचलतात कारण दुसरा माणूसच नसतो. वर तुम्हीच लिहिलंय दोनाची तीन करता येत नाहीत म्हणून.

लॅबवाला_जालना

बरोबर आहे, त्यात मी पण आलो. पण चाकाची ट्रॉली आणली मी, दीड हजाराची, ते तरी मान्य करा.

कारखाना_केमिस्ट_धाराशिव

ट्रॉली मान्य. 👍

तसं जुन्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ मध्ये कलम ४४ होतं, उभ्यानं काम करणाऱ्याला मधे संधी मिळाली तर बसायची सोय पाहिजे असं. आमच्याकडं ते दाखवून एक बाकडं मिळवलं मी. बाकडं आलं, त्यावर आता सॅम्पलचे डबे ठेवतात.

स्लाईडवाली_लातूर

तीन आठवड्यानं लिहितेय, कामात राहून गेलं. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार.

सरांना सांगितलं तर म्हणाले कपाट मोडू नका, सामान कुठं ठेवणार. मग मी काही बोलले नाही, तो बाजूनं काढलेला फोटो दाखवला मोबाईलवर. बघत बसले बराच वेळ. म्हणाले रविवारी काढा. रविवारी आम्ही दोघांनी दारं काढली, फळी काढली, अन् आत काय निघालं असेल? २०१९ ला एक्स्पायर झालेली विडालची (टायफॉईडच्या टेस्टची) किट, एक उंदराचं घरटं कापसाचं, अन् चक्क एक फिरती खुर्ची, चाकं तुटलेली, आडवी करून कोंबलेली. खुर्ची होती म्हणजे लॅबमध्ये! सर म्हणाले मला आठवतच नव्हती. ५ चाकं ३५० रुपयात आली.

पायाखाली घरचा जेवायचा पाट नेलाय. सासूबाई म्हणाल्या देवाच्या पाटाला हात लावू नको, हा घे.

मान ६० टक्के तरी बरी आहे, कुशीवर झोपते. अंगठा अजून आहे. स्प्लिंट बांधते रात्री, पिपेट साफ केलं, शुगर-थायरॉईड लावून बघितलं, शुगर नॉर्मल, टीएसएच थोडं वाढलेलं निघालं, त्याची गोळी चालू झाली. पुढच्या सोमवारी दाखवायला जाणार आहे इंजेक्शनचं विचारायला.

एकच नवीन अडचण. खुर्ची वर केली की ओट्याची कड बरोबर कोपराशी येते, पण मग त्या मुलाला खुर्ची उंच होते, तो बुटका आहे. दर वेळी वरखाली करावी लागते अन् ती दांडी जाम आहे.

जुना_एलटी_नांदेड

दांडीत शिलाई मशीनचं तेल सोड, दोन थेंब. अन् त्या पोराला सांग, त्याच्या गुडघ्याकडं पण बघ.

हिंगोलीकर_७

ताई मी पण कालपासून खुर्ची पुढं ओढून बसायलोय. मी ऑनलाईन फॉर्म भरायचं सेंटर चालवतो, लॅबचा काही संबंध नाही. पण माझं पण टेबलाखाली सीपीयू अन् स्टेशनरीची खोकी भरलेली होती.